अणूतला कडता आणि कांद्याची माउली

केंदूर हे माझे गाव. शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडचे, कान्हूराज महाराजांचे, आणि पावसाने पाठ फिरवली की पाण्यासाठी तगमगणारे. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या गोण्या घेऊन बाजाराला जायचो, तेव्हा एक शब्द नेहमी कानावर पडायचा : कडता. घरून मोजून नेलेल्या गोणीचे वजन पट्टीवर कमीच लागायचे. ओलाव्याचे इतके, मातीचे इतके, बारदानाचे इतके. रात्री वडील कंदिलाशेजारी बसून हिशेब मांडायचे आणि गेलेले किलो नेमके गेले कुठे, हे शोधायचे.

पुढे अकरावीला भौतिकशास्त्रात मला दुसरा कडता भेटला. अणूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. हेलियमच्या केंद्रात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन आहेत. या चौघांना सुटे सुटे तोलले आणि मग एकत्र बांधलेले केंद्र तोलले, तर बांधलेल्या केंद्राचे वस्तुमान सुमारे पाऊण टक्क्याने कमी भरते. शंभर किलो कांदा गोणीत भरावा आणि काट्यावर सव्वानव्याण्णव किलोच यावा, तसे. हा कडता मात्र कोणी व्यापारी खात नाही. चौघे एकत्र येताना तेवढे वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. केंद्र पुन्हा फोडायचे तर तेवढीच ऊर्जा परत भरावी लागते. म्हणजे कडता जितका मोठा, तितकी गोणी घट्ट शिवलेली. अणुकेंद्राचे वजन अचूक करता आले, तर आत कोण किती घट्ट बसले आहे हे न उघडताच कळते.

आज हे सांगण्याचे कारण वॉर्डातले आहे. पक्षाघाताचा रुग्ण जरा स्थिरावला की नातेवाईक मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, डॉक्टर, आता यांचा काही उपयोग होईल का? प्रश्न विचारणारे वाईट नसतात. घर चालवायचे असते. पण माणसाचे वजन असे एका वाक्यात केले जाते, तेव्हा मला एका बाईंची आठवण होते. अणुकेंद्रातला कडता वाचून त्याची आतली रचना ज्यांनी उलगडली, त्या मारिया ग्योपर्ट मायर यांची.

मारिया यांचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोवित्से येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील फ्रीडरिख ग्योपर्ट हे बालरोगतज्ज्ञ. घराण्यातली प्राध्यापकांची सहावी पिढी. मारिया एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना वडिलांना ग्योटिंगेन विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. मोठी झाल्यावर केवळ घरापुरती बाई होऊन राहू नकोस, हे वडिलांनी मुलीच्या मनावर लहानपणापासून बिंबवले होते. त्या काळातल्या बापाने असे सांगणे सोपे नव्हते.

मुलींना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करणारी एक छोटी खासगी शाळा ग्योटिंगेनमध्ये होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या भीषण महागाईत ती बंद पडली. मारियाने वाट पाहिली नाही. सतराव्या वर्षी, ठरल्यापेक्षा वर्षभर आधीच, ती परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली आणि १९२४ मध्ये गणित शिकायला विद्यापीठात दाखल झाली. त्या दिवसांत ग्योटिंगेन ही नव्या भौतिकशास्त्राची पंढरी होती. माक्स बोर्न यांच्या वर्गात बसल्यावर तिचे मन गणितावरून भौतिकशास्त्राकडे वळले.

१९२७ मध्ये वडील गेले. आईने घरात भाडेकरू ठेवायला सुरुवात केली. त्यांतलाच एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मायर. १९३० मध्ये मारियाने त्याच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. एखादा अणू प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषून घेऊ शकेल, असे गणित तिने प्रबंधात मांडले होते. ते पडताळण्याइतका तीव्र प्रकाश तेव्हा कोणाकडेच नव्हता. लेझरचा शोध लागला आणि १९६१ मध्ये, तब्बल एकतीस वर्षांनी, तिचे म्हणणे प्रयोगात खरे ठरले. आज जिवंत मेंदूच्या आतल्या पेशी पाहणारे खास सूक्ष्मदर्शक याच तत्त्वावर चालतात.

लग्नानंतर दोघे अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. जोसेफ यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नोकरी होती. नवरा-बायको दोघांना एकाच संस्थेत नेमायचे नाही, असा तेव्हा अनेक अमेरिकी विद्यापीठांचा शिरस्ता होता. त्यातून आर्थिक मंदीचे दिवस. मारिया यांना जर्मन पत्रव्यवहारात मदत करण्याचे किरकोळ पगाराचे काम आणि बसायला एक खोली मिळाली. त्या खोलीत बसून त्यांनी संशोधन सुरू ठेवले. १९३३ मध्ये मुलगी झाली, १९३८ मध्ये मुलगा. १९३९ मध्ये जोसेफ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथेही मारिया यांना बसायला जागा मिळाली, पगार नाही. १९४१ च्या डिसेंबरमध्ये सारा लॉरेन्स महाविद्यालयात अर्धवेळ शिकवण्याचे काम मिळाले, तेव्हा कुठे शिकवण्याचे पैसे हातात पडले. डॉक्टरेटला अकरा वर्षे होऊन गेली होती. युद्धकाळात युरेनियमची समस्थानिके वेगळी करण्याच्या गुप्त प्रकल्पातही त्यांनी काम केले.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये मायर कुटुंब शिकागोला आले. जोसेफ पगारी प्राध्यापक झाले, मारिया बिनपगारी. जवळच नव्याने उभ्या राहिलेल्या आर्गोन प्रयोगशाळेत मात्र त्यांना अर्धवेळ पगारी जागा मिळाली. काम अणुकेंद्राचे. हा विषय त्यांच्यासाठी नवा होता, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. चाळिशीत नवा विषय पहिल्यापासून शिकायला बसणे म्हणजे काय, हे पन्नाशीत संगणकावर रुग्णांच्या नोंदी करायला शिकलेल्या माझ्यासारख्याला चांगले कळते.

एडवर्ड टेलर यांच्याबरोबर त्या मूलद्रव्यांच्या जन्माचा विचार करत होत्या. विश्वात कुठले द्रव्य किती आहे याचे तक्ते समोर होते. त्यात काही द्रव्ये आजूबाजूच्या द्रव्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसत होती. कथिलाच्या केंद्रात ५० प्रोटॉन असतात आणि त्याची तब्बल दहा स्थिर समस्थानिके आहेत. इतकी दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याला नाहीत. आपल्या हाडांतल्या कॅल्शियममध्ये २० प्रोटॉन असतात. तेही असेच टिकाऊ. शिशाचे सर्वांत जड स्थिर केंद्र ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉनचे. टेलर दुसऱ्या कामाकडे वळले, मारिया मात्र आकड्यांशी चिकटून राहिल्या. पुन्हा पुन्हा तेच आकडे वर येत होते : २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. प्रोटॉनची किंवा न्यूट्रॉनची संख्या यांपैकी एखादी झाली की केंद्र जास्त घट्ट. या आकड्यांना पुढे जादुई संख्या असे नाव पडले.

अशा काही आकड्यांकडे आधीही काहींचे लक्ष गेले होते, पण तो विचार मागे पडला. कारण त्या काळात अणुकेंद्र म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा गोळा, असे चित्र सर्वांच्या मनात पक्के होते. थेंबाचे गणित केंद्रांची वस्तुमाने ढोबळमानाने बरोबर सांगत असे. पण थेंबाला पापुद्रे नसतात, आणि मारिया यांना पापुद्रे दिसत होते. कांद्यासारखे, एकात एक. प्रत्येक पापुद्र्यात ठरावीकच जागा. एसटीतली सगळी बाके भरली की नंतर चढणारा दारात लोंबकळतो, तसा भरलेल्या पापुद्र्यानंतरचा न्यूट्रॉन बाहेर सैलसर बसतो. हे वजनावरून कळते : पापुद्रा भरेपर्यंत प्रत्येक नव्या न्यूट्रॉनमागे कडता चांगला पडतो, भरल्यावर तो एकदम कमी होतो.

अडचण एकच होती. पापुद्र्यांचे साधे गणित पहिले तीन आकडे देई, पुढचे देत नसे. एके दिवशी मारिया आणि एन्रिको फर्मी यावर बोलत होते. फर्मींना फोनसाठी उठावे लागले. जाता जाता त्यांनी विचारले, कणाचे स्वतःभोवती फिरणे आणि केंद्रात घिरट्या घालणे यांचा एकमेकांशी काही संबंध दिसतो का? वर्षभर गोळा केलेले आकडे डोक्यात तयार होते. तो एक धागा मिळाला आणि सगळे आकडे जागेवर बसले. परत आलेल्या फर्मींना आधी शंका होती, पण थोड्याच दिवसांत त्यांनाही ते पटले.

ही कल्पना मारिया मुलीला समजावून सांगत, तेव्हा गोल गोल फिरणाऱ्या नाचणाऱ्या जोड्यांचा दाखला देत. आपण फुगडीचा घेऊ. मोठ्या रिंगणात अनेक जोड्या फुगड्या घालत पुढे सरकत आहेत. काही जोड्या रिंगण ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने गरगरतात, काही उलट्या. अणुकेंद्रात या दोघींना लागणारी ऊर्जा सारखी नसते. त्याच दिशेने फिरणाऱ्यांना सोपे जाते, उलट फिरणाऱ्यांना जड. या फरकाने काही कण वरच्या पापुद्र्यातून खालच्यात येतात, पापुद्र्यांच्या जागा बदलतात, आणि हिशेब २८, ५०, ८२, १२६ असा तंतोतंत जुळतो.

१९४९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास जर्मनीत हान्स येन्सेन आणि त्यांचे दोन सहकारी स्वतंत्रपणे त्याच उत्तराला पोचले होते. दुसऱ्याने तेच शोधले म्हणून मारिया यांनी वैर धरले नाही. १९५० मध्ये त्या येन्सेन यांना भेटल्या, मैत्री झाली, आणि १९५५ मध्ये दोघांनी मिळून या विषयावर पुस्तक लिहिले. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी पापुद्र्यांवरून मारिया यांना थट्टेने कांद्याची मॅडोना असे नाव ठेवले. आमच्या केंदूरला त्या आल्या असत्या तर लोकांनी थट्टा न करता कांद्याची माउली म्हटले असते.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने सॅन डिएगो येथे त्यांना पूर्ण वेळ, पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद दिले. डॉक्टरेटला तीस वर्षे झाली होती. आणि तिथे पोचल्यावर थोड्याच काळात त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

इथे डॉक्टर म्हणून थोडे थांबतो. १९६० मध्ये सीटी स्कॅन नव्हता. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे झटपट पाहण्याची सोय नव्हती. गुठळी विरघळवण्याचे आजचे उपचारही नव्हते. मारिया यांना सिगारेटची जुनी सवय होती. धूम्रपान पक्षाघात आणि हृदयविकार दोन्हींचा धोका वाढवते, हे आज आपण शाळेतल्या मुलांनाही सांगतो. झटक्यानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. पण त्यांनी शिकवणे सोडले नाही, संशोधनही सोडले नाही.

१९६३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. अर्धा वाटा युजीन विग्नर यांना, उरलेला अर्धा मारिया मायर आणि येन्सेन यांना मिळून. १९०३ मध्ये मेरी क्युरी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. त्यानंतर साठ वर्षांनी ते मिळवणारी ही दुसरी स्त्री. तिसरीसाठी जगाला २०१८ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी त्यांच्याच शहरातल्या वर्तमानपत्राने मथळ्यात त्यांची ओळख शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, गावातली एक आई म्हणून करून दिली. आई असण्यात कमीपणा नाहीच. पण विग्नर यांची ओळख कोणी गावातला एक बाप अशी करून दिली नसती. १९७१ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २० फेब्रुवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

माणूस गेला तरी त्याचे गणित काट्यावर चढतच राहते. मारिया यांनी पाहिलेले आकडे मुख्यतः स्थिर केंद्रांचे होते. पण निसर्गात न सापडणारी, न्यूट्रॉनची फार गर्दी झालेली केंद्रे प्रयोगशाळेत घडवता येतात. आमच्याकडे थायरॉइडच्या रुग्णांना देतात ते आयोडीन-१३१ हे त्याचे सौम्य उदाहरण : नेहमीच्या आयोडीनपेक्षा चार न्यूट्रॉन जास्त, आठ दिवसांत निम्मे संपणारे. त्याहून टोकाची केंद्रे सेकंदाच्या छोट्या अंशात नाहीशी होतात. तेवढ्या वेळात त्यांचे वजन करायचे. त्यासाठी विद्युतभारित अणूला चुंबकीय क्षेत्रात कोंडून गोल फिरवतात. जड अणू सावकाश फिरतो, हलका भराभर. फिरण्याचा वेग मोजला की वस्तुमान कळते. उत्तम सापळ्यांची अचूकता दहा कोटींत एक भाग इतकी असते. कांद्याने भरलेल्या दहा टनी ट्रकमधून एक सुका पापुद्रा वाऱ्याने उडाला, तरी काट्यावर दिसावा.

१९७५ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत फ्रेंच शास्त्रज्ञांच्या गटाने सोडियमच्या अशा केंद्रांची वजने प्रसिद्ध केली. त्यांत न्यूट्रॉनची संख्या २० च्या आसपास आली तेव्हा कडता अपेक्षेप्रमाणे वागला नाही. २० ही जादुई संख्या तिथे चाललीच नाही. उलट २०१३ मध्ये त्याच सर्नमध्ये कॅल्शियम-५३ आणि कॅल्शियम-५४ यांची वजने झाली आणि जुन्या यादीत नसलेली ३२ ही संख्या तिथे जादुईसारखी वागताना दिसली. म्हणजे पापुद्रे आहेत हे खरे, पण न्यूट्रॉनची गर्दी वाढली की ते सरकतात. केंद्रांची वजने आधी गणिताने काढायची आणि मग मोजलेल्या वजनांशी ताडून पाहायची, हे काम आपल्याकडेही झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतले वाय. के. गंभीर यांनी १९९० मध्ये जर्मन सहकाऱ्यांबरोबर अशाच एका गणिती प्रारूपावर महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. अणुकेंद्रांचा अभ्यास करणारा पेलेट्रॉन हा कणत्वरक मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८० च्या दशकाअखेरीपासून सुरू आहे.

मग मारिया यांचे म्हणणे चुकले का? मला तसे वाटत नाही. आम्हा डॉक्टरांना हे रोजचे आहे. रक्तदाबाचे औषध शंभरांना लागू पडते, एकशेएकाव्याला पडत नाही. तेव्हा औषध खोटे ठरत नाही, आपली समज वाढते. वजनाने जिथे नाही म्हटले, तिथेच नवे शिकायला मिळाले.

आणि याचा तुमच्या-माझ्या ताटाशी संबंध आहे. गलगंड होऊ नये म्हणून आपण मिठातून जे आयोडीन खातो, त्यातले बहुतेक ताऱ्यांच्या प्रचंड उलथापालथीत घडले. तिथे केंद्रांवर न्यूट्रॉनचा इतका मारा होतो की ती फुगत जातात आणि ८२ न्यूट्रॉनच्या भरलेल्या पापुद्र्यापाशी अडखळतात. तिथे साचलेली केंद्रे पुढे शांत होत आयोडीन आणि त्याच्या शेजारची द्रव्ये बनतात. ही साखळी नीट समजायची तर वाटेतल्या त्या क्षणभंगुर केंद्रांची वजने हवीत. मूलद्रव्ये जन्मतात कशी, याच प्रश्नापासून मारिया यांनी सुरुवात केली होती.

पक्षाघाताबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोलता बोलता तोंड एका बाजूला ओघळले, एक हात उचलेना, किंवा बोलणे अडखळले, तर थोडे झोपून पाहू म्हणत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. गुठळीवरचे औषध द्यायचे तर साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. केंदूरहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता त्यातलाच वेळ खातो, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट झटक्यानंतरची. व्यायाम, बोलण्याचा सराव, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तंबाखूला कायमचा रामराम, हे सगळे करायचेच. पण त्याबरोबर माणसाला काम परत द्या. शेतातला हिशेब द्या, नातवाचा अभ्यास द्या, निदान दुधाचे रतीब लिहायला द्या. नातेवाईक मला उपयोगाचे विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की एका बाईंना तीस वर्षे पूर्ण पगार मिळाला नाही, मिळाला तेव्हा झटका आला, आणि त्यानंतरही त्या वर्गात जाऊन शिकवत राहिल्या. मग मी त्यांना रुग्णाजवळ बसायला सांगतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो.